मटण पिशवीत, पारा पंचेचाळीसवर

जून महिन्यातली दिल्ली. रविवारची सकाळ. आयएनए मार्केटमधून दोन किलो मटण आणि किलोभर सुरमई घेऊन नोएडाला निघालेले कुटुंब 'इतक्या लांब आलोच आहोत तर' म्हणून वाटेत सरोजिनी नगरला थांबते. मुलांचे कपडे, पडद्याचे कापड, मग थंड काहीतरी पिणे, यात तास निघून जातो. गाडी उन्हात उभी आणि मटणाची पिशवी डिकीत. घरी पोहोचेपर्यंत दोन तास झालेले असतात. संध्याकाळी झणझणीत रस्सा होतो, सगळे तारीफ करतात आणि मध्यरात्री धाकट्याला उलट्या सुरू होतात. दुसऱ्या दिवशी चर्चा रंगते ती मसाला जड झाला की बाजारातल्या सरबताचे पाणी वाईट होते, याची. डिकीतल्या दोन तासांचा कुणाला संशयही येत नाही.

वास्तविक हिशेब साधा आहे. अन्न बिघडवणारे आणि आजार पसरवणारे बहुतेक जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान वाढतात. शरीराच्या तापमानाच्या आसपास तर त्यांना पर्वणीच. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट, तीन तासांत पाचशे बारा. म्हणूनच कच्चे मांस, मासे किंवा शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, असा नियम जगभर सांगितला जातो. दिल्लीत एप्रिल ते जुलै दुपारचा पारा ३२ च्या खाली क्वचितच असतो. मेच्या अखेरीस तो ४५ लाही टेकतो. त्यातून उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतले तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी चढते. तेव्हा दिल्लीकर मराठी कुटुंबाच्या हातात एकच तास असतो आणि तो दुकानातूनच सुरू होतो.

हा प्रश्न नवा नाही. एकेकाळी तो शिकाऱ्यांचा होता. करोल बागेच्या जवळ, झंडेवालानच्या बाजूला रिजच्या झाडीत भूली भटियारीचा महाल म्हणून एक पडका वाडा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाच्या काळात बांधलेले ते शिकारीचे विश्रामस्थान. चाणक्यपुरीजवळचा मालचा महाल आणि हिंदुराव रुग्णालयाच्या आवारातला पीर गैब याच मालिकेतले मानले जातात. आज करोल बागेत पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी मंडळी जिथून भाजी घेऊन जातात, तिथून हाकेच्या अंतरावर सुलतान हरणामागे धावत होते. शिकारीनंतर मांस टिकवायचे कसे, याचे उत्तर तेव्हा सोपे होते. टिकवायचेच नाही, तिथेच शिजवायचे. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येणाऱ्या अलवरकडचे आणि एकूणच राजस्थानचे पदार्थ पाहिले की हे लक्षात येते. 'जंगली मास' या प्रकारात मांस, तूप, मीठ आणि लाल मिरची यांखेरीज फारसे काही नसते, कारण रानात तेवढेच बरोबर असायचे. 'खड' म्हणजे खड्डा. सशाचे मांस पोळीत गुंडाळून निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरून भाजायचे. उरले तर तेलात मुरवून मांसाचे लोणचे.

बर्फ होता, पण तो बादशहांसाठी. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचे पाणी गार करत. दरबार लाहोरला गेल्यावर डोंगरातून बर्फ आणवत, असे अबुल फजलने 'आईने अकबरी'त लिहून ठेवले आहे. पुढे अलाहाबादेसारख्या ठिकाणी हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी गोठवून पातळ बर्फ गोळा करत. १८३३ मध्ये तर अमेरिकेतला नैसर्गिक बर्फ जहाजाने थेट कलकत्त्यात उतरला. इतक्या खटाटोपाने मिळालेला बर्फ साहेबांच्या पेल्यात जाणार, मांसावर नव्हे! म्हणूनच शिकारीचे मोठे कार्यक्रम थंडीत ठेवले जात. भरतपूर जिल्हाही २०१३ पासून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तिथल्या केवलादेवच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या पाहुणचारात ४,२७३ पक्षी मारले गेले. तिथल्या शिलालेखावर हा आकडा कोरलेला आहे आणि आज तो वाचताना कुणालाही अभिमान वाटत नाही. पक्षी हिवाळ्यातच येतात म्हणून हंगाम थंडीचा, हे खरे, पण हजारो पक्षी मे महिन्यात मारले असते तर संध्याकाळपर्यंत त्यांचे काय झाले असते, हे सांगायला नको.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सारे संपले. आता ससा, तितर किंवा रानडुक्कर मारणेच नव्हे, तर त्याचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. अरवलीकडच्या एखाद्या ढाब्यावर 'साहब, खास चीज़ है' असे कुजबुजत कुणी तितर देऊ केले, तर उठून चालू लागावे. कायद्याची भीती तर आहेच, पण ज्या मांसाची तपासणी झालेली नाही आणि जे लपवून, कुठेतरी कोंडून ठेवलेले आहे, ते कितपत ताजे असणार?

ज्या देशांत शिकार परवान्याने चालते, तिथले शिकारी मात्र या शास्त्रात तरबेज आहेत. अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या डोंगरांत गाडीरस्त्यापासून दोन-दोन दिवसांच्या वाटेवर मोठे सांबरासारखे जनावर मारल्यावर शंभर किलोहून अधिक मांस पाठीवरून उतरवायचे असते. फ्रीज नाही, बर्फ नाही. त्यांचे सगळे कसब एका गोष्टीत आहे. जनावराच्या अंगातली ऊब शक्य तितक्या लवकर बाहेर काढायची. आतडी ताबडतोब काढतात, कातडे सोलतात, कारण ते गोधडीचे काम करते. मग तुकडे करून जाळीदार सुती पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असे टांगतात. प्लॅस्टिकला हातही लावत नाहीत. मांस ओले होऊ देत नाहीत, कारण ओल्या पृष्ठभागावर जिवाणू लवकर माजतात. नाल्याच्या पाण्यात गार करायचेच झाले तर पाणी आत शिरणार नाही अशा पिशवीत घालून, आणि तेही थोडा वेळ. एवढे करूनही मांस बिघडले तर ते वरून नव्हे, मांडीच्या जाड भागात हाडालगत आधी बिघडते. तिथली ऊब सर्वांत शेवटी निघते.

आता हेच दिल्लीच्या बाजारात लावून पाहावे. बोकडाच्या शरीराचे तापमान ३९ अंशांच्या आसपास, कोंबडीचे ४१ च्या. आपल्याकडे 'समोर कापून दिलेली' कोंबडी ताजी समजली जाते आणि ती असतेही. पण ती गरम असते. दुकानदार ते गरम तुकडे काळ्या पिशवीत कोंबतो, पिशवीला घट्ट गाठ मारतो.

"भैया, रास्ते में खराब तो नहीं होगा?"

"अरे बहनजी, अभी आपके सामने काटा है!"

त्याचे म्हणणे खोटे नसते, पण उत्तर चुकीच्या प्रश्नाला असते. मांस किती वेळापूर्वी कापले हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते किती वेळ गरम राहिले हेही महत्त्वाचे. गाठ मारलेल्या पिशवीत ऊब कोंडते, घाम सुटतो आणि त्या ओलाव्यात तुकडे तासभर उबत राहतात. शिकारी ज्या दोन गोष्टी टाळतो, ऊब आणि ओल, त्या दोन्ही आपण पैसे देऊन विकत घेतो.

यावर उपाय अवघड नाही. घरातून निघतानाच झाकणाचा पसरट स्टीलचा डबा आणि जाड अस्तराची थंड पिशवी बरोबर घ्यावी. ती नसेल तर थर्माकोलची छोटी पेटीही चालते. आदल्या रात्री पाण्याच्या दोन-तीन बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवाव्यात. बाटली पूर्ण भरू नये, बर्फ झाल्यावर पाणी फुगते. तुकडे डब्यात पसरून ठेवावेत, खाली-वर बाटल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मटण-मासळी शेवटी घ्यावी. कपडे, भाजी, किराणा आधी. पेटी डिकीत नको, एसी चालतो तिथे सीटखाली ठेवावी. मोठी रान किंवा सबंध फऱ्या घ्यायचा असेल तर तो दुकानातच तुकडे करून घ्यावा. ईदच्या किंवा एखाद्या समारंभाच्या निमित्ताने सबंध रानच हवी असेल, तर तिला हाडापर्यंत दोन-तीन खोल चिरा पाडून घ्याव्यात, म्हणजे गारवा आतपर्यंत पोहोचतो.

मासळीची गोष्ट थोडी निराळी. दिल्लीत रोहू-कटला मिळतो तो बराचसा आंध्र प्रदेशातून बर्फात येतो. सुरमई, पापलेट, बांगडा यांना तर मुंबईपासूनच सुमारे चौदाशे किलोमीटरचा प्रवास. चित्तरंजन पार्कच्या मासळी बाजारात बंगाली गृहस्थ ज्या चिकाटीने कल्ले उघडून पाहतात, ती आपणही उचलावी. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबले तर खड्डा भरून येणारे मांस. पण बांगडा, सुरमई आणि कुपा यांच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांनी कळत नाही. हे मासे काही वेळ गरम राहिले तर जिवाणू त्यांच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार करतात. माशाला वास येतोच असे नाही, चवही बदलतेच असे नाही. तो खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, तोंडाची आग होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. लोक म्हणतात, मासे बाधले, याला माशांची ॲलर्जी आहे. पुष्कळदा ती ॲलर्जी नसते, तो उन्हात राहिलेला बांगडा असतो. दम लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे न्यावे. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे हिस्टामिन तळून किंवा उकळून नष्ट होत नाही. 'चांगले कडक तळले की सगळे मरते' ही समजूत इथे पार फसते. जिवाणू मरतात, त्यांनी करून ठेवलेले विष राहते.

बर्फाचे प्रमाणही बहुतेकांचे चुकते. माशांवर शोभेपुरते चार खडे टाकून भागत नाही. किलोभर बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. कागदावर तो चाळीस अंशांचे दोन किलो मासे शून्यावर आणू शकतो, पण पेटीच्या भिंतींतून बाहेरची उष्णता येतच असते. म्हणून उष्ण हवेत किलोला किलो, हे प्रमाण धरावे. बर्फ फोडून घ्यावा. मोठ्या लादीपेक्षा चुरा माशाला चारी बाजूंनी चिकटतो. मात्र बाजारातल्या लादीचा बर्फ खाण्याचा नसतो. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फ निळसर रंगाचा असावा असा दंडक घातला, तो याचसाठी. असा बर्फ वापरायचा तर मासे आधी पिशवीत बंद करावेत. त्याच बर्फाचा खडा मुलाच्या सरबतात टाकू नये.

घरी आल्यावर दुसरी चूक घडते. तीन किलो कोमट मटण एका पिशवीत तसेच फ्रीझरमध्ये ढकलले जाते. बाहेरून ते तासाभरात दगड होते, पण मधोमध कितीतरी तास ऊब टिकते. शिवाय नुकतेच कापलेले मटण लगेच गोठवले तर शिजताना चिवट लागते. जनावर मेल्यावर स्नायू आधी ताठरतात, मग हळूहळू सैल पडतात. तो काळ उलटून जायला हवा. म्हणून मटण आणल्यावर पसरट भांड्यात, सैल झाकण ठेवून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवावे. खालच्या कप्प्यात अशासाठी की त्याचे पाणी दह्यावर किंवा कोथिंबिरीवर ठिबकू नये. दुसऱ्या दिवशी अर्ध्या-अर्ध्या किलोची चपटी पाकिटे करून, वर तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवावीत. खिमा, कलेजी, कोंबडी आणि मासे यांना मात्र ही सवलत नाही. ते त्याच दिवशी शिजवावेत किंवा गोठवावेत, फार तर एक दिवस खाली ठेवावेत. खिम्याचा तर कण अन् कण हवेला आणि यंत्राच्या पात्याला लागलेला असतो. हळद-मीठ-आले-लसूण चोळून ठेवले की मटण बाहेर टिकते, ही आजीच्या काळची समजूत कोल्हापूरच्या जानेवारीत एखादे वेळी निभावली असेल, गाझियाबादच्या जूनमध्ये निभत नाही. मुरवायचे ते फ्रीजमध्येच. गोठलेले पाकीटही ओट्यावर नव्हे, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यावे.

शिजवलेल्या रश्श्याचाही विसर पडू नये. मोठ्या पातेल्यातला रस्सा 'गरम आहे, फ्रीजमध्ये कसा ठेवायचा' म्हणून रात्रभर ओट्यावर राहतो. उकळीत न मरणारे काही जिवाणूंचे बीज अशा संथ निवणाऱ्या रश्श्यातच जागे होते. रस्सा दोन-तीन उथळ भांड्यांत काढावा, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावीत आणि कोमट होताच फ्रीजमध्ये टाकावीत. बिर्याणीचेही तसेच. फ्रीजला थोडे जास्त काम पडेल, पण विजेचे बिल दवाखान्याच्या बिलापेक्षा नेहमीच कमी असते.

दिल्लीत मांस साठवण्याची वेळ वर्षातून एकदा हमखास येते. आपला श्रावण आषाढी अमावास्येनंतर सुरू होतो, उत्तरेचा सावन मात्र आषाढी पौर्णिमेनंतर. म्हणजे आपल्या आखाडाचा शेवटचा पंधरवडा हा शेजाऱ्यांच्या सावनाचा पहिला पंधरवडा. हरिद्वारहून गंगाजल आणणारे कावडिये याच दिवसांत रस्त्यावर असतात आणि गाझियाबाद, नोएडाकडच्या त्यांच्या मार्गावरची मांसाची दुकाने बंद ठेवली जातात. गटारीला पाहुणे बोलावलेल्या मराठी घराला मग आधीच मटण आणून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. शेजाऱ्यांच्या भावना जपायच्या आणि आपली हौसही भागवायची, यात फ्रीझरच कामी येतो. पण हेच दिवस दमट उकाड्याचे आणि वीज जाण्याचे. जनरेटर असलेल्या सोसायट्यांत ठीक, इतरांनी काळजी घ्यावी. वीज गेल्यावर फ्रीजचे दार उघडायचेच नाही. बंद ठेवले तर खालचा भाग सुमारे चार तास गार राहतो. स्वतंत्र डीप फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस तग धरतो, अर्धा रिकामा असेल तर एक दिवस. फ्रीजवरच्या छोट्या फ्रीझरवर मात्र इतका भरवसा ठेवू नये. जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून टाकाव्यात.

गावाकडून मासळी आणणाऱ्यांसाठीही दोन शब्द. मुंबईहून राजधानीने सोळा तासांच्या आसपास लागतात. सुट्टीहून परतताना बरेच जण सुरमईचे तुकडे थर्माकोलच्या पेटीत आणतात आणि नीट आणले तर ते उत्तम येतात. मासे साफ करून, कोरडे पुसून दोन दिवस आधी दगडासारखे गोठवावेत. पेटी लहान आणि गच्च असावी, पोकळी वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरावी आणि झाकण चिकटपट्टीने चहूबाजूंनी बंद करावे. सुटा बर्फ घालू नये. तो वितळून डब्यात पाणी झाले की सहप्रवाशांशी भांडण ठरलेले. कुणी कोरडा बर्फ सुचवतो. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. वितळताना त्याचा वायू होतो, त्यामुळे हवाबंद पेटी फुटू शकते आणि बंद गाडीत तो वायू साचून जीव गुदमरू शकतो. विमानात माणशी अडीच किलोपर्यंत आणि तेही कंपनीची परवानगी घेऊनच नेता येतो. घरगुती प्रवासात त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे. सोडे, सुकट आणि सुके बोंबील यांना तर काहीच लागत नाही, फक्त वासाचा बंदोबस्त तेवढा हवा.

सुट्टीवर जाताना फ्रीझरमध्ये मांस ठेवून जायचे असेल तर एक सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवावे, त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि वाटी मांसाच्या पाकिटांशेजारी ठेवून द्यावी. परत आल्यावर आधी वाटी पाहावी. नाणे वरच असेल तर वीज फार वेळ गेलेली नाही. ते मध्येच अडकलेले असेल तर मासे आणि खिमा टाकून द्यावा. मटणाच्या पाकिटात बर्फाचे खडे अजून हाताला लागत असले तरच ते त्याच दिवशी शिजवावे. आणि नाणे वाटीच्या तळाशी असेल, तर बाहेरून पाकिटे कितीही कडक लागोत, सगळी कचऱ्यात.